कणसाकडं बघ

"यंदा राखायला काय नाय, मग राखणदार कशाला? तू आत्ताच जा," असं म्हणत अण्णांनी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली.

पिशोरच्या स्टँडवर श्रावणातलं ऊन होतं, वैशाखातलं असावं तसं. मायनं दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. केसाला तेल लाव, नळाच्या पाण्यानं केस जातात. मावशीच्या घरी ताटात काय टाकू नको. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना हसू नको. ती रडत नव्हती म्हणून मीही रडले नाही. अण्णा खिडकीशी आले, गजाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघ सिंधू, एक साल हाय तुझ्या हातात. बारावी पास झालीस तर पुढं शिक, मी आडवा येणार नाय. पण नापास झालीस तर पुढच्या सुगीला माळ्यावर तूच. शब्द हाय माझा." तेवढ्यात कंडक्टरनं घंटी ओढली आणि मी औरंगाबादला निघाले. शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, पण माझ्या त्या तिकिटावर औरंगाबादच होतं, म्हणून या गोष्टीत तेच राहू दे.

पिशोरच्या माझ्या बायांनो, ही गोष्ट तुमच्यापैकी निम्म्या जणींना अर्धीच माहीत आहे. आणि जे माझ्यासारखे पेटी घेऊन इकडं आले, त्यांना तर माझी फजिती ऐकून बरंच वाटेल. पुरी सांगते.

आधी माळा. ज्यांच्या लेकरांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: वावराच्या मधोमध बाभळीचे चार उंच खांब, वर फळ्या, त्यावर बसून पाखरं हाकायची. नऊ वर्षांची असल्यापासून बाजरीला आणि पुढं ज्वारीला आमच्या माळ्यावर मीच. हातात गोफण आणि मांडीवर पुस्तक. एका खांबाला अण्णांनी कुऱ्हाडीनं खाच पाडून दिली होती, तिच्यात गोफण टांगायची. सुरुवातीला मी आभाळभर पाखरं बघत बसायची. चिमण्यांचा थवा इकडून आला की इकडं धाव, राघू तिकडून आले की तिकडं. संध्याकाळपर्यंत जीव मेटाकुटीला आणि कणसं निम्मी रिकामी. तेव्हा अण्णा खालून ओरडले होते, "अगं, पाखराकडं बघू नको, कणसाकडं बघ! पाखरं काय, लई हायत. जे कणीस हललं तिथं दगड मार, अन् मारला की परत कणसाकडं."

आणि दुसरं, गप बसायचं नाही. माणसाचा आवाज असला की पाखरं लांब राहतात. म्हणून अण्णांचा हुकूम होता, वाचायचं ते मोठ्यानं वाच. झालं! मी फळीवर बसून न्यूटनचे नियम बोंबलायची. मधेच "होऽऽ हो! हुर्रऽऽ!" आणि परत न्यूटन. शेजारच्या वावरातल्या सखूकाकीला क्रिया आणि प्रतिक्रिया माझ्याआधी पाठ झाली. खुरपताना ती म्हणायची, "सिंधे, काल दुसरा नियम सोडलास ग."

बारावीला औरंगाबादच्या कॉलेजात नाव घातलं होतं, पण ठरलं होतं असं की राखण आटोपली की दिवाळीनंतर जायचं. त्या साली पाऊसच आला नाही. पेरलेलं उगवलं नाही, दुसऱ्यांदा पेरलेलं उगवून वाळलं. राखायला काही उरलं नाही, म्हणून मी श्रावणातच मोकळी झाले. दुष्काळानं मला शिकायला पाठवलं म्हणा ना.

औरंगपुऱ्याच्या मागं एका गल्लीत उषामावशी राहायची. मायची मावसबहीण. काका एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दोघं स्वभावानं सोन्यासारखी, पण घरात एक कायदा होता. संध्याकाळी सहा ते नऊ कुणी बोलायचं नाही. या शांततेच्या जोरावर त्यांचा लेक इंजिनिअर होऊन पुण्याला गेला होता, त्यामुळं कायद्याला आव्हान नव्हतं. टीव्ही बंद, खिडक्या बंद, कुकरची शिट्टी सहाच्या आत. मावशी पायातल्या जोडव्यांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालायची. हे सगळं माझ्यासाठी! आणि मी काय करायची? डुलक्या घ्यायची.

खरं सांगते, त्या शांततेनं माझा जीव घेतला. गप बसून पुस्तक उघडलं की मला काय काय ऐकू यायचं! पंख्याची करकर, मोरीतल्या नळाची टपटप, काकांच्या पोटातली गुरगुर. मग मन निघायचं ते थेट पिशोरला. म्हशीला पाणी कुठून आणत असतील, विहिरीत किती उरलं असेल, माय आता चुलीपुढं असेल. भानावर यावं तर पान तेच, ओळ तीच, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास गेलेला.

मावशीच्या हे लक्षात आलं. तिनं उपाय चालू केले. सकाळी भिजवलेले बदाम. रात्री टाळूवर ब्राह्मीचं तेल, इतकं की उशी हिरवी झाली. काकांनी कानात घालायला कापूस आणला. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी भिंतीवर काळा ठिपका काढला आणि म्हणाले, "रोज दहा मिनिटं याच्याकडं टक लावून बघ, चित्त एकाग्र होतं." मी बघायला बसले. पाच मिनिटांत ठिपक्याला पंख फुटले. माझा हात कधी खोडरबरावर गेला आणि ते मी कधी भिरकावलं, मला कळलंच नाही. नेम चांगला होता, ठिपक्यालाच लागला. पण तिथून उडून ते काकांच्या चहाच्या कपात पडलं.

सहामाहीला फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्हींत मी आडवी झाले. काकांनी प्रगतिपुस्तकावर सही केली. दिवाळीला घरी जायचं तोंड नव्हतं, म्हणून मायला जादा तासांची थाप मारली. पण अण्णांशी खोटं बोलवेना. त्यांना कार्ड टाकलं, दोन विषय गेले. आठ दिवसांत उत्तर आलं, कार्डावर मोजून चार ओळी: "कार्ड पावलं. पाऊस नाय. सुताराकडं काम काढलंय म्हणून यायला जमत नाय. कणसाकडं बघ."

मी ते कार्ड दहा वेळा वाचलं. एवढ्या दुष्काळात सुताराकडं कसलं काम? नक्कीच रागावलेत, उगं कारण सांगतात. आणि कसली कणसं? वावरात काडी नाही. मला एवढंच कळलं की माळा माझी वाट बघतोय. त्या रात्री मी देवघरापुढं उभी राहिले आणि जे मागितलं, ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी म्हणाले, देवा, पुढच्या साली पाऊस पाड, गावाला भरपूर पाड, पण आमच्या वावरावर जरा बेतानं. शेतकऱ्याची पोर असून असं मागितलं. नंतर इतकी लाज वाटली की जाऊन कान पकडून आले आणि मागणं परत घेतलं.

दिवाळीनंतर काकांनी मला एका अभ्यासिकेत घातलं. मोठी खोली, लांब बाकं, चाळीसेक पोरंपोरी, सगळी माना खाली घालून. भिंतीवर पाटी, शांतता राखा. मी ठरवलं होतं की इथं इभ्रत राखायची. तिसऱ्या दिवशी नवल झालं, प्रकाशाचा धडा डोक्यात शिरायला लागला. एक पान, दोन पानं, मी अशी रंगले की आजूबाजूचं भान गेलं. खिडकीतून एक साळुंकी आत आली आणि समोरच्या कपाटावर बसली. आणि मी, पिशोरची सिंधू, बाकावर उभी राहून खड्या आवाजात ओरडले, "होऽऽ हो! हुर्रऽऽ हाऽऽ!"

चाळीस माना वर. एक पोरगा बाकावरून खरंच खाली पडला. अभ्यासिकेचे मास्तर धावत आले, त्यांना वाटलं आग लागली. त्यांनी माझी फी परत केली आणि काकांना हळूच म्हणाले, "पोरगी हुशार असेल साहेब, पण तिला मोकळी हवा द्या." घरी येईपर्यंत काका गंभीर होते. उंबऱ्यात आले आणि खो खो हसायला लागले. मावशी हसली, मग मीपण हसले, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. तेव्हा त्यांना पहिल्यांदा सांगितलं की मला शांततेत अभ्यास येत नाही. मावशी म्हणाली, "अगं बाई! आणि आम्ही मेले चार महिने चवड्यावर चालतोय!"

कायदा रद्द झाला, पण मन काही बसेना. आता आवाज होते, पण मी मोठ्यानं वाचायला लागले की घर अवघडायचं. आणि परीक्षा तोंडावर.

मग संक्रांत झाली आणि मावशीनं गहू भिजत घातले. एरवी कुरडया उन्हाळ्यात होतात. पण त्या साली नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही मर्जी असली तर. चैत्रात प्यायला मिळेल की नाही याची खात्री नाही, तिथं चीक कुठून शिजवणार? म्हणून सगळ्या गल्लीनं वाळवण आधीच काढलं. गच्च्या एकमेकींना लागून होत्या. आमच्या कुरडया, पलीकडं जोशीकाकूंचे सांडगे, आणि खाली राहणाऱ्या नफीसाआपांच्या शेवया बाजेवर. पण त्या साली पाखरं लई. रानात दाणा राहिला नव्हता, म्हणून तीही माझ्यासारखी गाव सोडून शहरात आलेली. पहिल्याच दिवशी चिमण्या-कावळ्यांनी मावशीच्या निम्म्या कुरडयांची वाट लावली. एवढं पाणी घातलेल्या त्या कुरडया! मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हणाले, "मावशी, उद्यापासून मी बसते."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रिकाम्या टाकीवर चढून बसले. मांडीवर केमिस्ट्री. गोफण नव्हती, तर काकांच्या जुन्या नाडीची केली आणि दगडाऐवजी चिंचोके घेतले. "अॅल्डिहाइडचं ऑक्सिडेशन केलं असता, होऽऽ हो! असता, कार्बोक्सिलिक आम्ल मिळतं!" पाखरू आलं की चिंचोका, की परत कुरडई, की परत ओळ. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मी सहा पानं वाचली आहेत आणि सहाही आठवताहेत. मधे पिशोर आठवलं नाही का? आठवलं की. म्हैस आठवली, विहीर आठवली. पण आठवली की मनातल्या मनात हुर्र करायची आणि परत ओळीवर. इतके महिने मी पाखरांच्याच मागं धावत होते, मन भटकलं म्हणून रडत होते. अरे, पाखरं तर येणारच! कार्डावरची ती चौथी ओळ मला टाकीवर बसून कळली. मी एकटीच इतकी हसले की नफीसाआपा वर आल्या.

"अगे पोट्टी, किसकू चिल्लाती?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, केमिस्ट्री वाचतेय. त्या बाजेकडं बघून म्हणाल्या, "तो चुप कायकू हुई? पढ, जोर से पढ! मेरी सेवयां पे एक भी चिडिया नई बैठी आज."

झालं, दोन दिवसांत साऱ्या गल्लीचं वाळवण माझ्या पदरात. कॉलेजातून आले की मी टाकीवर. बाया आपापल्या कामाला मोकळ्या, आणि माझा घसा ऊन उतरेपर्यंत चालू. कुणी गुळाचा खडा आणून द्यायचं, कुणी आल्याचा चहा. जोशीकाकू शिक्षिका होत्या, खालून माझ्या चुका काढायच्या. "सिंधू, व्होल्ट नाही, अँपिअर!" मला सखूकाकीची आठवण यायची, तिकडं तिला उचकी लागत असणार.

फिजिक्सच्या पेपराला मात्र ततपप झालं. वर्ग गच्च गप्प. पहिलाच प्रश्न बघून डोकं रिकामं. मी डोळे मिटले, टाकी आणली, कुरडया आणल्या, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, हुर्र. पर्यवेक्षक सर जवळ आले. "काय म्हणालीस?" मी म्हणाले, "काही नाही सर, पाखरू होतं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि निघून गेले. मी लिहायला लागले ते घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

निकालाच्या आधी पाऊस आला. चांगला आला, आमच्या वावरावरही, देवानं माझं मागणं परत घेणं मान्य केलं म्हणायचं. पेरण्या झाल्याचं कळलं. मग निकाल लागला. पास! फिजिक्स काठावर, केमिस्ट्रीत मात्र वर्गात पुढच्या रांगेत. गावातल्या दुकानात फोन लावून अण्णांना बोलावून घेतलं. मी ओरडून सांगितलं, पास झाले. पलीकडून आवाज आला, "बरं. येतो मी." आणि फोन ठेवला.

येतो म्हणजे काय? शब्द होता, खरं. पण तो शब्द पावसाआधीचा. आता बाजरी वर येणार, घरात माणसं मोजकी, दोन सालांनंतर पिकाचं तोंड बघायचं. माणसाचं मन बदलतं. मी कुणाला न सांगता पेटी भरून ठेवली.

रविवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी हातगाडी आली. पुढं हमाल, मागं अण्णा, धोतराचा सोगा खोचलेला. गाडीवर एक टेबल, गोणपाटात गुंडाळलेलं, एसटीच्या टपावर बांधून आणलेलं. काकांनी आणि हमालानं ते आत घेतलं. अण्णांनी गोणपाट काढलं. रुंद फळ्या, जाड पाय, एक पाय जरासा वाकडा. त्या वाकड्या पायावर कुऱ्हाडीची खाच होती. माझा हात आपोआप तिच्यावर गेला.

"अण्णा, हा तर आपला माळा!"

"व्हय, माळाच हाय."

"मग राखण?"

"तुझी माय हाय की. तिचा आवाज काय कमी हाय व्हय?"

मावशी हसली. मला हसू येईना. मी विचारलं, हे कधी केलं? अण्णा टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "दिवाळीत. तुझं नापासाचं कार्ड आलं ना, दुसऱ्या दिशी उतरवून सुताराकडं टाकला."

"पण तुम्हीच म्हणाला होता, नापास झालीस तर माळ्यावर तूच."

"म्हणलो व्हतो. आता शब्द कसा मोडायचा? मग माळाच मोडला."

एवढं बोलून ते पाणी प्यायला मोरीकडं गेले. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मनातून इतकी खूश होते की रडताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मग उठले आणि भरलेली पेटी गुपचूप रिकामी केली.

त्याला आता खूप वर्षं झाली. मी इथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. ज्या गच्च्यांवर आम्ही वाळवण घालायचो तिथं पाच मजली इमारती झाल्या, नफीसाआपा गेल्या, कुरडया आता पाकिटात मिळतात. शहर दौलताबादच्या वाटेनं कुठच्या कुठं पसरलं. नळाचं पाणी तेवढं अजून आपल्याच मर्जीनं येतं. पोरं मला विचारतात, मॅडम, अभ्यासात लक्ष लागत नाही, काय करू? मी त्यांना म्हणते, रविवारी घरी या, गच्चीवर बसा आणि मोठ्यानं वाचा. येतात बिचारी. शेजारी तक्रार करतात, मग मी त्यांना कुरडया तळून पाठवते.

आणि दर भादव्यात अण्णांचा फोन येतो, "पाखरं लई झालीत ग." मी चार दिवस रजा टाकून जाते. माळा नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून हाकते. माय म्हणते, मास्तरीण झालीस तरी घसा तोच हाय. मागल्या खेपेला मी अण्णांना देवापुढच्या त्या मागण्याचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "तुझं देव एवढं ऐकत असता, तर तुला फिजिक्समधी काठावर ठेवली असती व्हय?"

कुणी विचारतं, तुमचं घर कुठं हो? पूर्वी मी अडखळायची. पिशोर म्हणावं तर तिथं चार दिवसांची पाहुणी, इथलं म्हणावं तर जीभ वळायची नाही. आता नाही अडखळत. टेबलाच्या पायावरच्या बाभळीच्या त्या खाचेत मी घराची किल्ली टांगते.

परवा अण्णा आलेत, डोळ्याच्या ऑपरेशनला. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आतल्या खाटेवर पडून असतात. काल दुपारी मी टेबलाशी पेपर तपासत बसले होते. त्यांना त्रास नको म्हणून खिडकी लावून घेतली होती, पंखा बारीक केला होता, चवड्यावर चालत होते. बराच वेळ झाला आणि खाटेवरून आवाज आला.

"सिंधू, हायस ना?"

"हाय की अण्णा."

"मग गप का? मोठ्यानं वाच की."

मी उठून खिडकी उघडली, आणि कुण्या पोरानं लिहिलेला न्यूटनचा तिसरा नियम त्यांना ऐकू जाईल असा ओरडून वाचायला लागले.